गेम कन्सोल खेळता खेळता बंद पडतो? दुकानात नेण्याआधी घरी काय काय तपासायचं

आधी लक्षणं बघा. यांतलं एखादं तरी तुमच्या घरचं असेल.

गेम नीट सुरू होतो, अर्धा-पाऊण तास चालतो, मग आतला पंखा जोरात ओरडायला लागतो आणि कन्सोल खटकन बंद. लगेच चालू केला तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेच.

पंखा शांत आहे, कन्सोल हाताला फार गरम नाही, तरी मध्येच बंद पडतो. नीट आठवलं तर त्याच क्षणी घरात फ्रिज, कूलर नाहीतर पाण्याची मोटर सुरू झालेली असते.

लाइट जाते, इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखा चालूच राहतात, कन्सोल तेवढा जातो.

स्क्रीनवर कन्सोल खूप गरम झाल्याचा इशारा येतो, किंवा पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर लाल दिवा लुकलुकतो.

दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर ‘मागच्या वेळी नीट बंद केला नव्हता’ अशा अर्थाचा मेसेज येतो आणि स्टोरेज तपासण्यात वेळ जातो.

या सगळ्यांना लोक एकच नाव देतात, ‘कन्सोल खराब झाला’. जळगावात माझं दुरुस्तीचं काउंटर आहे. मार्च सरला की जून अर्धा होईपर्यंत हीच तक्रार घेऊन लोक येतात, चाळीसगाव, अमळनेर, दोंडाईचा, कुठून कुठून. यातले बरेच कन्सोल उघडायची गरजच नसते. कन्सोल शाबूत असतो. तो ठेवलेली जागा, त्याचा एक्स्टेंशन बोर्ड किंवा घरातली वीज यांत काहीतरी असतं. म्हणून आधी घर तपासायचं, मशीन नंतर. खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जातो. तो मोडू नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवायला लावलेला लेप) बदलून घेतली आणि नंतर कळलं की एक्स्टेंशनची पिन ढिली होती, असं झालं की पैसे जातात आणि पुढच्या आठवड्यात कन्सोल परत बंद पडतो.

आधी खरंच बंद पडतोय का ते बघा

चित्र गेलं की पहिली नजर टीव्हीकडे जाते, ती कन्सोलच्या दिव्याकडे जायला हवी. दिवा पांढरा जळतोय आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आहे, तर कन्सोल चालूच आहे. एचडीएमआयची वायर, टीव्हीचं पोर्ट किंवा निवडलेलं इनपुट तपासा. तो विषय वेगळा आहे.

गेममधून बाहेर फेकलं आणि होम स्क्रीन आली, सोबत एररचा नंबर आला (पीएस४ वर बहुतेक वेळा सीई-३४८७८-०), तर तो गेम कोसळला, कन्सोल नाही. गेम अपडेट करा, नाही जमलं तर काढून पुन्हा टाका.

दिवा केशरी असेल तर कन्सोल बंद पडलेला नाही, झोपलाय. पीएस४ आणि पीएस५ मध्ये रेस्ट मोडचा दिवा केशरी असतो. असं होण्याची दोन साधी कारणं आहेत. एक, पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये ठरावीक वेळेनंतर रेस्ट मोडमध्ये जायचं लावलेलं असतं. दुसरं जास्त फसवतं. एचडीएमआय डिव्हाइस लिंक नावाची सोय टीव्ही आणि कन्सोलला एकमेकांशी जोडते. टीव्हीने पॉवर वाचवायला स्वतःला बंद केलं, किंवा घरात कुणी रिमोटने टीव्ही बंद करून परत चालू केला, की कन्सोलही झोपतो. पीएस५ मध्ये सेटिंग, सिस्टिम, मग एचडीएमआय इथे ‘पॉवर ऑफ लिंक’ असतं, ते चार दिवस बंद ठेवून बघा. एक्सबॉक्समध्ये हेच टीव्ही आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाने सापडेल. खर्च शून्य.

वेळ लिहून ठेवा

ही तपासणी कुणी करत नाही आणि मला सगळ्यात जास्त मदत हिचीच होते. वहीच्या मागच्या पानावर लिहा: कन्सोल किती वाजता चालू केला, किती वाजता बंद पडला, त्या वेळी घरात दुसरं काय सुरू झालं, कूलर चालू होता का, लाइट इन्व्हर्टरवर होती का.

चार-पाच वेळच्या नोंदीतून चित्र स्पष्ट होतं. दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने बंद पडतो आणि दुपारी लवकर, रात्री उशिरा, तर उष्णता. वेळेचा काही मेळ नाही, कधी दोन मिनिटांत तर कधी दोन तासांनी, तर वीज किंवा ढिली जोडणी. होम स्क्रीनवर तासभर राहतो पण जड गेम लोड होताच जातो, तर आतल्या पॉवर सप्लायवर संशय घ्या. रात्रभर बंद असलेला थंड कन्सोल चालू करून दोन-तीन मिनिटांतच गरमीचा इशारा देत असेल, तर आतला पंखा किंवा थर्मल पेस्ट गेली असं धरा आणि मधल्या पायऱ्यांवर फार वेळ घालवू नका.

जागा

पीएस४, पीएस५ आणि निन्टेंडो स्विच यांच्या कागदपत्रांत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं आहे. हे खोलीचं तापमान, मशीनच्या आतलं नव्हे. आता आपल्याकडचा मे आठवा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, गच्चीखालच्या खोलीत संध्याकाळी सातलासुद्धा भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. म्हणजे कन्सोल चालू करण्याआधीच आपण त्याला त्याच्या मर्यादेबाहेर ठेवलेलं असतं. पंखा खोलीतली हवाच आत ओढतो, त्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. प्रोसेसरचं तापमान हद्दीबाहेर गेलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. तरीही पुन्हा पुन्हा चालू करत राहिलं तर मात्र खरा बिघाड होतो.

त्यात आपण त्याला कोंडतो. मध्ये शिंदखेड्याकडचा एक मुलगा वडिलांसोबत आला होता. म्हणाला, “काका, खेळता खेळता बंद पडी जास.” मी विचारलं, “कोठे ठेवेल शे?” “शोकेसमा.” मोबाइलवर फोटो दाखवला. काचेचे सरकते दरवाजे असलेलं शोकेस, आत सेटटॉप बॉक्स, त्यावर कन्सोल आडवा, कन्सोलवर क्रोशाचा रुमाल, मागची फळी भिंतीला टेकलेली. कन्सोल उघडलाच नाही. उघड्या स्टुलावर ठेवायला सांगितलं, तक्रार संपली. वडिलांनी मनापासून, धूळ लागू नये म्हणून झाकला होता. झाकायला हरकत नाही, पण बंद असताना आणि थंड झाल्यावर.

भिंतीपासून आणि आजूबाजूच्या वस्तूंपासून सगळीकडून किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. मागे जास्त असली तर उत्तम, कारण पीएस४ आणि पीएस५ दोन्ही गरम हवा मागून सोडतात. एक्सबॉक्स सीरिज एक्स वरून सोडतो, म्हणून त्याच्या डोक्यावर रिमोटसुद्धा ठेवू नये. गादीवर, सतरंजीवर, सोफ्यावर कन्सोल ठेवू नका, खालची फट बंद होते. सेटटॉप बॉक्स, राउटर आणि कन्सोल यांची चळत करू नका.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाही. कूलरने खोली थंड होते ती कन्सोललाही फायद्याची. पण कन्सोल कूलरच्या थेट झोतात नको. ताणून चालणाऱ्या कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर ते सुकून आत पांढरी पूड बसते. आतल्या सर्किट बोर्डावर, पंख्याच्या पात्यांवर आणि एचडीएमआयच्या पोर्टात ती मी बघतो. तिच्यामुळे पुढे गंज लागतो. कूलर खोलीच्या एका टोकाला, कन्सोल झोताच्या बाजूला, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा साचणार नाही. पावसाळा लागला की कूलर हवेतला ओलावा वाढवण्यापलीकडे फार काही करत नाही, तेव्हा साधा पंखा बरा.

जागा बदलायला सोय नसेल तर वेळ बदला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत पाहुण्यांची पोरं जमतात आणि दुपारी बारापासून गेम चालू होतो, ते सकाळी आणि रात्री नऊनंतर खेळू द्या. एक आठवडा असं केल्यावर बंद पडणं थांबलं, तर निदान झालं. दुरुस्तीला द्यायची गरज नाही.

बंद पडलेला कन्सोल गार करायला अर्धा तास उघड्यावर ठेवा, एवढं पुरे. ओलं फडकं गुंडाळणं, फ्रिजमध्ये ठेवणं हे लोक खरंच करतात. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तशात करंट दिला तर बोर्ड जातो.

प्लग, वायर, बोर्ड

कन्सोलच्या मागची वायर पूर्ण आत बसली आहे का बघा. पीएस५ आणि साध्या पीएस४ ची वायर दोन गोल भोकांची, आठच्या आकड्यासारखी असते, जुन्या रेडिओची असायची तशी. ती अर्धी बाहेर असली तरी कन्सोल चालतो. मग कुणी टेबलाला पाय लावला की जातो. वायर आत दाबून बसवा. तरी ढिली वाटत असेल तर बदला, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळते, फक्त जाड आणि चांगल्या तांब्याची घ्या.

मग एक्स्टेंशन बोर्ड. हा आमच्याकडचा मोठा गुन्हेगार. कन्सोल एक्स्टेंशनमधून काढा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून दोन दिवस खेळा. बंद पडणं थांबलं तर बोर्ड बदला, विषय संपला. पहिल्या पीएस५ वर ३५० वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम दीड अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला ते जड नाही. त्यामुळे ‘लोड झेपत नाही’ हे कारण सहसा खरं नसतं. खरं कारण सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या पसरलेल्या असतात. प्लग टेकतो पण धरला जात नाही, क्षणभर संबंध तुटतो, आणि तेवढ्यात कन्सोल जातो. ओळखायची खूण: प्लग काढून बघा, पिनेवर काळा डाग आहे का, प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, हात लावला तर पिन गरम आहे का. असं काही दिसलं तर तो बोर्ड त्याच दिवशी बाद करा. त्या जागी आग लागू शकते.

कूलर, इस्त्री, मिक्सर यांच्यासोबत एकाच एक्स्टेंशनवर कन्सोल लावू नका. मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते आणि त्याच वायरवरच्या बाकी वस्तूंना व्होल्टेज कमी पडतं.

एचडीएमआयची वायर काढताना-लावताना टीव्ही आणि कन्सोल दोन्हींची बटणं भिंतीवरून बंद करा. हे का, ते अर्थिंगच्या ठिकाणी सांगतो.

धूळ

बाहेरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने काढा. रंगकामाचा नवा ब्रश चालतो. जाळ्या, फटी, मागची बाजू. मशीन बंद, वायर काढलेली. पीएस५ च्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या घरी काढता येतात, त्यासाठी स्क्रू नाहीत. आत धूळ साठवायला मुद्दाम ठेवलेली भोकं दिसतात, त्यावर व्हॅक्युम क्लीनर हलक्या जोरावर धरा. समोर दिसणारा पंखा व्हॅक्युमने गरागरा फिरू देऊ नका, बोटाने धरून ठेवा. बाहेरून फिरवल्याने त्याचं बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करू शकते.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून आणू नका. हे आपल्याकडे फार चालतं. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही भलताच. पंख्याचं पातं तुटलेलं आणि बोर्डावर तेलाचे शिंतोडे उडालेले कन्सोल मी बघितले आहेत. त्यांची दुरुस्ती धूळ काढण्याच्या कितीतरी पट महाग पडते.

खरी अडचणीची धूळ मात्र आत असते, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या, पातळ पत्र्यांच्या मध्ये. आपली काळी माती मे महिन्यात पिठासारखी बारीक होते, वावटळीबरोबर घरात येते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे तिच्यात कापसाचे तंतू मिसळतात. मग पत्र्यांच्या तोंडावर करडी पट्टी धरते, चिमट्याने एक टोक ओढलं की पट्टी अख्खी, एकसंध बाहेर येते. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा तिच्यापलीकडे जात नाही, म्हणून तो ओरडतो. बाहेरून ब्रश मारून ती निघत नाही. बाहेरची सफाई करूनही पंख्याचा आवाज तसाच राहिला तर आतून सफाई हवी, आणि ती दुकानात.

जाळीशी नाक नेऊन एकदा वास पण घ्या. कुबट वास, फटींमध्ये काळे बारीक कण, म्हणजे आत झुरळं आहेत. कन्सोल उबदार आणि अंधारा, त्यांना आवडतो. ती पॉवर सप्लायमध्ये शिरली की शॉर्ट होतो. असा संशय आला तर चालू करून बघायचा मोह टाळा आणि सरळ दुकानात द्या. आत औषध फवारू नका.

सॉफ्टवेअर

अचानक बंद पडल्यामुळे फायली बिघडतात आणि मग बंद पडणं थांबलं तरी गेम अडकायला लागतो. पीएस४ किंवा पीएस५ पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, साधारण ७ सेकंदांनी दुसरा बीप ऐकू आला की सोडा. सेफ मोड येतो. कंट्रोलर वायरने जोडा आणि पाचवा पर्याय, डेटाबेस पुन्हा बांधण्याचा, तो निवडा. पीएस५ मध्ये त्याच जागी कॅशे साफ करण्याचाही पर्याय मिळतो. गेम, सेव्ह काही जात नाही. खालचे रिसेटचे पर्याय मात्र सगळं पुसतात, त्यांना हात लावू नका. एक्सबॉक्सवर पॉवरचं बटण १० सेकंद दाबून पूर्ण बंद करा, वायर काढा, थोड्या वेळाने लावा.

ज्यांच्याकडे लाइट सारखी जाते त्यांनी रेस्ट मोड वापरूच नये. झोपलेल्या कन्सोलची वीज गेली की तोही ‘नीट बंद केला नाही’ असाच धरला जातो. खेळून झालं की पूर्ण बंद, मग भिंतीवरचं बटण बंद.

व्होल्टेज, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर

इथून पुढे थोडा खर्च आहे. सॉकेटला लावायचा आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. मल्टिमीटरपेक्षा घरच्यांसाठी तो सुरक्षित, कारण उघड्या धातूला हात लागत नाही. दिवसातून चार वेळा आकडा बघून त्याच वहीत लिहा. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरलेली असते. २१०-२४० मध्ये राहत असेल तर निश्चिंत राहा.

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागांना पाणी चालू असतं त्या वेळात, एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) अनेक मोटरी चालू झाल्या की आकडा खाली येतो, ट्यूब मंद होते. कन्सोलखाली किंवा मागे चिकटवलेलं लेबल वाचा. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर सावकाश खाली आलेलं व्होल्टेज तो सहन करतो. त्याला मारतो तो क्षणभराचा खंड आणि वर चढलेलं व्होल्टेज. म्हणून महाग स्टॅबिलायझर घेण्याआधी विचार करा. रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर पायरी बदलताना ‘टक’ करतो, त्या क्षणी पुरवठा तुटतो, आणि तोच कन्सोल बंद पडायचं कारण होऊ शकतो. परदेशातून आणलेला कन्सोल असेल आणि लेबलवर फक्त १००, ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर येताना फक्त कन्सोल जात असेल, तर इन्व्हर्टरला बदल करायला लागणारा वेळ जास्त आहे. पुष्कळ इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला करा, बदल लवकर होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा, असेल तर त्यावर कन्सोल चालवू नये. पंखा त्यावर घूं घूं आवाज करत असेल तर तो बहुधा तसलाच. कन्सोलला शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट, हवी. नाही तर लाइट गेली की खेळ थांबवायचा, हे घरात ठरवून टाका.

अर्थिंग

एचडीएमआयच्या वायरच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, कूलरला हात लावला की शॉक बसतो, टेस्टर कूलरच्या पत्र्यावर लागतो. ही अर्थिंगची लक्षणं आहेत. पीएस५ ची वायर दोन पिनांची, तिला अर्थिंगची पिनच नाही, मग अर्थिंगचा काय संबंध, असं विचारतात. संबंध असा, की कन्सोल एचडीएमआयने टीव्हीला, टीव्ही सेटटॉप बॉक्सला आणि सेटटॉप बॉक्स गच्चीवरच्या डिशला किंवा केबलला जोडलेला असतो. घरातल्या या वस्तूंच्या धातूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहिला की तो वायर जोडताना एचडीएमआयच्या चिपमधून वाट काढतो. म्हणून वर सांगितलं, दोन्ही बटणं बंद करूनच वायर लावा. मृगाच्या आधीच्या गडगडाटी पावसात डिशची वायर आणि इंटरनेटची वायरसुद्धा काढून ठेवा. त्या दिवसांत एचडीएमआयचे पोर्ट जळालेले कन्सोल हमखास येतात.

उन्हाळ्यात अर्थिंग बिघडायचं आपल्या मातीत कारण आहे. काळी माती सुकली की आकसते, भेगा पडतात, पुरलेल्या पाइपाभोवती पोकळी होते. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नावापुरती उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. तेवढं घरच्या माणसाने करावं. जोडण्या तपासणं, खड्डा नव्याने करणं, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजणं हे वायरमनचं काम.

इथे थांबा

घरातले दिवे कधी मंद, कधी एकदम प्रखर होत असतील, किंवा व्होल्टमीटर २६०च्या वर जात असेल, तर कन्सोलचा विचार सोडा. न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता आहे आणि त्यात फ्रिज, टीव्ही सगळं जाऊ शकतं. मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. बिघाड मीटरच्या बाहेरचा असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा. स्वतः मीटरच्या पेटीत किंवा डीपीपाशी काही करू नका, शेजारचा कितीही जाणकार असला तरी.

जळका वास, धूर, कन्सोलमधून ‘चट्’ असा आवाज, एमसीबी पडणं: वायर काढा, पुन्हा लावून बघू नका.

थंड कन्सोल दोन-तीन मिनिटांत तापतोय, पंखा फिरतच नाही, किंवा भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर, मोकळ्या जागेत, रात्रीसुद्धा बंद पडतोय: दुरुस्तीला द्या.

व्हिडिओ बघून उघडायचा मोह होतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पॉवर सप्लायच्या आत वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो. आणि पीएस५ मध्ये प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहतो. हीटसिंक उचलताना एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होऊन बोर्ड जातो, आणि मग बोलायचं ते नव्या कन्सोलबद्दल. वॉरंटी चालू असेल तर कुणालाच उघडू देऊ नका, मलाही नाही. कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवा, बिल सोबत ठेवा.

दुरुस्तीला देताना सेव्ह काढून ठेवा. पीएस४ चे सेव्ह पेनड्राइव्हवर निघतात. पीएस५ च्या गेमचे तसे सुटे निघत नाहीत. ते क्लाउडवर पाठवावे लागतात आणि त्याला पैसे भरून घेतलेली मेंबरशिप लागते, नाहीतर अख्ख्या कन्सोलचा बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर घ्यावा लागतो. मग वेळेची ती वही दुकानदाराला दाखवा. ‘बंद पडतो’ एवढंच सांगितलं तर आम्हाला पहिल्यापासून सगळं बघावं लागतं. ‘रात्री दहाला, भिंतीच्या सॉकेटवर, चाळीस मिनिटांनी, पंखा ओरडून’ असं सांगितलं तर निम्मं काम तिथेच होतं. काय बदलणार, किती लागणार हे आधी विचारा, बदललेला जुना भाग परत मागा, आणि कन्सोल ताब्यात घेण्याआधी तिथेच, तुमच्यासमोर, तुमचाच सगळ्यात जड गेम तासभर चालवून दाखवायला सांगा.